सरहद्दीवरच्या कादंबऱ्या आणि नाव नसलेले गाव

आमचे घर बीरगांवला आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले की उरला औद्योगिक वसाहतीला लागून ही वस्ती येते. रात्री कारखान्यांच्या भट्ट्यांचा तांबडा उजेड आकाशात दिसतो आणि सकाळी गच्चीवर काळ्या धुळीचा थर असतो. माझे आजोबा नोकरीसाठी नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्याजवळ पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे. त्यात हरि नारायण आपट्यांचे ‘उषःकाल’ आहे, गो. नी. दांडेकरांचे ‘हर हर महादेव’ आणि ‘झुंजार माची’ आहे, आणि जुन्या बाजारातून आणलेली एका इंग्रजी कादंबरीची संक्षिप्त आवृत्तीही आहे. जेम्स फेनिमोर कूपर यांची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’.

सैनिकी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी माझे इंग्रजी सुधारावे म्हणून आजोबांनी ते पुस्तक माझ्या हातात दिले. “रोज दोन पानं. अडलं की थांबायचं नाही, पुढं जायचं,” एवढीच त्यांची सूचना होती. चौथ्या दिवशी मी दोन पानांवर थांबलो नाही. जंगल, मागावर असलेला शत्रू, धबधब्यामागची गुहा, एका गोळीवर अवलंबून असलेले पाच जीव! त्या दिवसापासून अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीवरच्या साहसकथांचा मला नाद लागला. आमच्या हाऊसमधले काही ज्युनियर विचारतात, “या कादंबऱ्यांत एवढं काय आहे?” हा लेख त्यांच्यासाठी. पण त्याबरोबर मला माझी एक चूकही सांगायची आहे.

सरहद्द म्हणजे काय?

आपण सरहद्द म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काटेरी तार, चौकी आणि खांब येतात. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत सरहद्द म्हणजे रेषा नव्हती, तो पट्टा होता. पूर्वेला समुद्रकाठी इंग्रजांच्या वसाहती, उत्तरेला सध्याच्या कॅनडात फ्रेंच, आणि मध्ये शेकडो मैलांचे अरण्य. हे अरण्य रिकामे नव्हते. मोहॉक, अबेनाकी, मोहिकन, लेनापे अशा अनेक राष्ट्रांची ती भूमी होती. त्यांची गावे होती, मक्याची शेती होती, आपापसांतले तह आणि वैरही होते. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना एकच शिक्का मारून ‘रेड इंडियन’ म्हटलेले आढळते. ते म्हणजे मराठे, गोंड, बंगाली आणि तमिळ या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारण्यासारखे आहे.

या अरण्यात रस्ते नव्हते, पाणी हाच रस्ता होता. हडसन नदी, मग थोडी खुष्कीची वाट, मग लेक जॉर्ज, लेक शँप्लेन आणि तिथून उत्तरेला मॉन्ट्रियलकडे. भूर्जवृक्षाच्या सालीची होडी इतकी हलकी असे की पाणी संपले की माणसे ती खांद्यावर घेत आणि पुढच्या पाण्यात सोडत. त्यामुळे दोन पाण्यांमधली ती खुष्कीची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळा मुलूख. सह्याद्रीत जे महत्त्व घाटाला आणि खिंडीला, तेच तिथे या वाटांना. म्हणूनच सगळे किल्ले तिथेच दिसतात. कादंबरी उघडण्यापूर्वी नकाशावर ही एक ओळ बोटाने आखून पाहा. कोण कुठून कुठे पळतो आहे आणि का, हे आपोआप कळू लागते.

एक किल्ला आणि एक पत्र

‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ 1826 साली प्रसिद्ध झाली. कथा घडते 1757 मध्ये. हे साल आपल्याला पाठ आहे. त्या वर्षी 23 जूनला प्लासीची लढाई झाली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 3 ऑगस्टला, फ्रेंच सेनापती मोंकाल्म याने लेक जॉर्जच्या दक्षिण टोकावरच्या फोर्ट विल्यम हेन्रीला वेढा घातला. बंगालमधला इंग्रज आणि अमेरिकेतल्या अरण्यातला इंग्रज एकाच जागतिक युद्धात गुंतले होते. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात. ते एकाच तारीखवहीत बसवून पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की तारखा पाठ करण्यातही मजा आहे.

वेढ्याची खरी हकिकत कादंबरीइतकीच विलक्षण आहे. किल्ल्यात लेफ्टनंट कर्नल मन्रो होता. दक्षिणेला एका दिवसाच्या चालीवर फोर्ट एडवर्डमध्ये जनरल वेब होता. मन्रोने मदत मागितली. वेबने कळवले की आपण येऊ शकत नाही, शक्य तितक्या चांगल्या अटी पदरात पाडून घ्या. हे पत्र नेणारा निरोप्या वाटेतच मारला गेला आणि पत्र फ्रेंचांच्या हाती लागले. मोंकाल्मने ते जपून ठेवले आणि योग्य वेळी मन्रोकडे पाठवून दिले. तोफगोळ्यापेक्षा त्या कागदाने जास्त काम केले असेल! 9 ऑगस्टला किल्ला पडला.

तहाच्या अटी सन्मानाच्या होत्या. इंग्रज शिबंदीने निशाणासह बाहेर पडायचे आणि अठरा महिने लढायचे नाही. पण फ्रेंचांबरोबर सुमारे अठराशे मूळनिवासी योद्धे आले होते, आणि त्यांना तह करताना कोणी विचारले नव्हते. लढाईत त्यांचा वाटा होता, लुटीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर पडणाऱ्या रांगेवर हल्ला केला. पूर्वी या कत्तलीचे आकडे हजारांत सांगत. आधुनिक अभ्यासाने ते दोनशेच्या आत आणले आहेत. मित्रपक्षाला अंधारात ठेवून केलेला तह किती महाग पडतो याचा हा धडा आहे, आणि तो कूपरने एका प्रकरणात अंगावर काटा येईल असा रंगवला आहे.

वाचताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे जमीन. या कादंबऱ्यांत जमीन हेच एक पात्र असते. नायक नॅटी बम्पो, ज्याला ‘हॉकआय’ म्हणतात, तो मोडलेली फांदी, दबलेले शेवाळ आणि उडालेला पक्षी यांवरून पुढे काय आहे ते ओळखतो. गो. नी. दांडेकर वाचतानाही हाच अनुभव येतो. गडावरची वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी तुडवलेली होती, हे प्रत्येक पानावर जाणवते. फील्डक्राफ्टच्या तासाला ‘ग्राउंड वाचा’ असे उस्ताद सांगतात, त्याचा अर्थ मला मैदानावर कळण्याआधी या पुस्तकांत कळला.

दुसरी गोष्ट म्हणजे हत्यारांची मर्यादा. हॉकआयची लांब रायफल अचूक आहे, पण तोंडातून भरायची. नळीच्या आत आटे असल्यामुळे गोळी घट्ट बसते आणि गजाने ठोकून खाली न्यावी लागते. एक गोळी झाडली की पुढची भरेपर्यंत माणूस जवळजवळ निःशस्त्र असतो. म्हणून आडोसा, म्हणून शांतता, म्हणून कमरेला कुऱ्हाड. ही मर्यादा लक्षात ठेवली की साध्या वाटणाऱ्या प्रसंगातला ताण समजतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मैत्री. गोरा हॉकआय आणि मोहिकन सरदार चिंगाचगूक यांची मैत्री कूपरच्या पाचपैकी चार कादंबऱ्यांना बांधून ठेवते. ‘द पायोनियर्स’ 1823 सालची. तिच्यात नॅटी म्हातारा आहे. ‘द डिअरस्लेअर’ 1841 सालची. तिच्यात तो तरुण आहे. लेखक म्हातारा होत गेला आणि त्याचा नायक तरुण, याची मला गंमत वाटते.

दोषही आहेत. कूपरची वाक्ये लांबच लांब असतात. मार्क ट्वेनने 1895 मध्ये त्याच्यावर एक खट्याळ लेख लिहिला. संकटाच्या क्षणी कूपरच्या गोष्टीत कोणाचा तरी पाय नेमका वाळक्या काटकीवर पडतोच, अशी त्याची थट्टा आहे. तो लेख वाचल्यापासून मी काटक्या मोजतो. पण पुस्तक खाली ठेवत नाही.

रॉजर्सचे नियम

गेल्या वर्षी मला केनेथ रॉबर्ट्स यांची 1937 सालची ‘नॉर्थवेस्ट पॅसेज’ मिळाली. तिचा नायक मेजर रॉबर्ट रॉजर्स हा खरा माणूस आहे. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या त्याच्या तुकडीला ‘रेंजर्स’ म्हणत. 1757 मध्ये त्याने आपल्या माणसांसाठी अठ्ठावीस नियम लिहून काढले. अरण्यात एकामागोमाग आणि अंतर ठेवून चाला. दलदलीत मात्र आडवे पसरून चाला, म्हणजे माग सलग उमटत नाही. गेलात त्या वाटेने परत येऊ नका. पहाटे सगळ्यांनी जागे राहा, कारण शत्रूला तीच वेळ आवडते. आजही अमेरिकी सैन्यातले रेंजर्स आपली परंपरा रॉजर्सपर्यंत नेतात.

हे वाचताना शिवकालातला गनिमी कावा आठवतो. थोड्या माणसांनी, ओळखीच्या जमिनीवर, आपल्या सोयीच्या वेळी लढायचे. मिझोराममधल्या वैरंगटे येथे आपले सैन्य आणि आमच्या छत्तीसगडात कांकेर येथे पोलीस जंगलयुद्धाचे जे शिक्षण घेतात, त्याचीही मुळे याच विचारात आहेत.

1759 च्या सप्टेंबरात रॉजर्स सुमारे दोनशे माणसे घेऊन निघाला. सेंट फ्रान्सिस नावाचे एक गाव उद्ध्वस्त करायचे होते. लपवलेल्या होड्या शत्रूला सापडल्या. मग नऊ दिवस दलदलीतून चाल, कपडे सुकवायला जागा नाही, झोपायला कोरडी जमीन नाही. 4 ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि गाव जळाले. परतीच्या वाटेवर उपासमारीने आणि पाठलागात त्याची कितीतरी माणसे मेली. एवढे थरारक वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

कांकेरच्या मित्राचा प्रश्न

आता माझी चूक. आमच्या हाऊसमध्ये शनिवारी एका कॅडेटने दहा मिनिटे बोलायचे असते. मी ही मोहीम सांगितली. फळ्यावर नकाशा काढला, दलदल सांगितली, नियम सांगितले, हल्ल्याचा क्षण तर आवाज बदलून सांगितला. टाळ्या झाल्या. मी खुशीत होतो.

रात्री लाइट्स आउटच्या आधी माझा एक मित्र पलंगाशी येऊन बसला. तो कांकेरकडचा, गोंड घरातला. आम्ही दोघे छत्तीसगडचे म्हणून आमचे जमते. तो म्हणाला, “छान सांगितलंस. पण त्या गावात कोण होतं?”

मी म्हणालो, “शत्रू. इंग्रजांच्या वस्त्यांवर छापे घालणारे.”

“ते मी ऐकलं. पहाटे गावात कोण असतं, ते विचारतोय.”

मला उत्तर आले नाही. तो पुढे काही बोलला नाही, मच्छरदाणी खोचून झोपला. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. दलदलीची खोली मला ठाऊक होती. कोणत्या दिवशी किती मका उरला होता तेही ठाऊक होते. आणि गावात कोण होते, हे मी एकदाही शोधले नव्हते.

मग शोधले. ते अबेनाकी लोकांचे गाव होते आणि त्यांच्या भाषेत त्याचे नाव ओडानाक. रॉजर्सने आपल्या अहवालात दोनशे माणसे मारल्याचे लिहिले. फ्रेंच नोंदींत तो आकडा तीसच्या आसपास आहे आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुले आहेत. अबेनाकींच्या घरोघरी पिढ्यान् पिढ्या सांगितलेली हकिकतही नोंदवली गेली आहे. आदल्या रात्री एका अनोळखी माणसाने गावाला सावध केले, काही कुटुंबे रानात लपली आणि म्हणून वाचली. ओडानाक आजही क्युबेक प्रांतात आहे. तिथे लोक राहतात.

हे कळल्यावर मी ‘मोहिकन्स’ पुन्हा उघडली. तिथेही तेच दिसले. खलनायक मॅग्वाला गोऱ्यांनीच दारूची सवय लावली आणि मग दारू प्यायला म्हणून त्याच मन्रोने त्याला फटके मारवले, असे तो स्वतः सांगतो. पहिल्या वाचनात मी हे पान भराभर उलटले होते. शिवाय कादंबरीचे नावच चुकीचे आहे. मोहिकन संपले नाहीत. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्ये स्टॉकब्रिज-मुन्सी या नावाने आपले शासन चालवतात. ज्यांना एका प्रसिद्ध पुस्तकाने दोनशे वर्षांपूर्वीच ‘शेवटचे’ म्हणून टाकले, त्यांना हे पुस्तक हातात घेताना काय वाटत असेल?

बारगीर

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळे आजोबांना सांगितले. मला वाटले, ते म्हणतील, युद्धात असे होतेच. ते म्हणाले, “बंगालात आई बाळाला झोपवताना कुणाची भीती घालते, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हते.

“आपली.”

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. हे आम्ही शाळेत शिकतो. पण बंगालीत ‘बोर्गी’ झालेला हाच शब्द अंगाईगीतात जाऊन बसला आहे, हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. 1740 च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार गेल्या. त्यांच्या भीतीने 1742 मध्ये कलकत्त्याला खंदक खणायला घेतला. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळावर ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे बंगाली काव्य रचले आणि त्यात गावकऱ्यांचे हाल सांगितले. 1751 च्या तहाने चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. आपल्या पुस्तकात हा पराक्रमाचा परिच्छेद आहे. तिकडे ती झोपेतून दचकण्याची गोष्ट आहे.

आणि आपण राहतो तो मुलूख? दोन दिवसांनी आजोबा मला रतनपूरला घेऊन गेले. बिलासपूरच्या पुढे हे जुन्या राजधानीचे गाव आहे. 1741 मध्ये भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर इथे आला. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, मुलाच्या मृत्यूच्या शोकात होता. तोफा डागल्या गेल्या आणि राजवाड्यातून राणीने पांढरे निशाण दाखवले, असे सांगतात. पुढे 1758 पासून 1787 मध्ये मृत्यू होईपर्यंत बिंबाजी भोसल्यांनी इथून कारभार पाहिला. रामटेकरीवरचे राममंदिर त्यांनीच बांधवले. छत्तीसगडात दसऱ्याला सोने देण्याची रीतही त्यांच्या काळापासूनची म्हणतात.

रामटेकरीच्या पायऱ्यांवर बसून आजोबा म्हणाले, “आपण इथं मराठी बोलतो, त्याच्यामागं ही टेकडी आहे. अभिमान वाटला तर वाटू दे. पण आपण येण्याआधीही हे गाव होतंच, एवढं विसरू नको.”

मला वाटते, सरहद्दीची कादंबरी वाचायला मी खरा त्या पायरीवर शिकलो. मराठी ऐतिहासिक कादंबरीत आपण नेहमी घर राखणारे असतो. तान्हाजी असो की बाजीप्रभू, ते आपल्या मातीवर उभे असतात आणि आपले मन त्यांच्या बाजूने सहज उभे राहते. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा नायक दुसऱ्याच्या घरात शिरलेला असतो. चांगल्या लेखकाला हे ठाऊक असते. कूपरलाही होते. ‘द पायोनियर्स’मध्ये वसाहतवाले उडत्या कबुतरांच्या थव्यावर चक्क तोफ डागतात आणि म्हातारा नॅटी त्या नासाडीवर संतापतो. त्या जातीचे शेवटचे कबूतर 1914 मध्ये प्राणिसंग्रहालयात मेले.

सुरुवात कुठून करावी?

ज्युनियर मित्रांनो, एवढे वाचून कोणाला वाटेल की मी या कादंबऱ्या सोडल्या. मुळीच नाही! उलट आता त्या दुप्पट रंगतात. सुरुवात ‘मोहिकन्स’च्या संक्षिप्त आवृत्तीने करा. मग ‘नॉर्थवेस्ट पॅसेज’ घ्या. तिच्या उत्तरार्धात रॉजर्सची घसरणही आहे, तोही वाचा. खरा रॉजर्स 1795 मध्ये लंडनमध्ये कफल्लक अवस्थेत मेला. मध्येमध्ये गो. नी. दांडेकर वाचत राहा, म्हणजे जमीन कशी लिहावी ते विसरणार नाही. जवळ एक नकाशा ठेवा आणि वहीत तीन रकाने आखा. तारीख, जागा आणि तिसऱ्यात समोरच्या बाजूच्या लोकांचे त्यांनी स्वतः ठेवलेले नाव. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पण आपल्यापैकी काही जण उद्या गणवेशात अशाच एखाद्या रानात उभे असतील. तेव्हा पहाटे गावात कोण असते हा प्रश्न कोणी दुसऱ्याने विचारण्याआधी आपल्याला पडलेला असला पाहिजे.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी सरांकडे पुन्हा दहा मिनिटे मागितली. तीच मोहीम सांगितली, पण सुरुवात ओडानाकपासून केली. गाव, नदी, मक्याची शेते, आदल्या रात्री आलेला तो अनोळखी माणूस. दलदलीपर्यंत पोहोचेतो घंटा झाली. टाळ्या या वेळी कमी पडल्या. कांकेरचा मित्र मात्र रात्री पुन्हा पलंगाशी आला आणि म्हणाला, “ते पुस्तक दे. दलदलीचं पुढचं मला वाचायचंय.”